पहिली कादंबरी आणि महिन्याचा पगार : अँथनी ट्रॉलपची बारा वर्षं

मागचं व्याख्यान संपल्यावर एक श्रोते आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “नोकरीत जीव मेटाकुटीला येतो. कादंबरीची दीडशे पानं लिहून पडलीत, पुढे सरकत नाही. नोकरी सोडू का?” घरी कोण कोण आहे, घराचे हप्ते किती उरलेत, हे आम्ही त्यांना विचारलं. पण खरं उत्तर तेव्हा देता आलं नाही, म्हणून आजचा विषय.

या प्रश्नावर एक ठरीव उत्तर नेहमी दिलं जातं, आणि त्यात एक ठरीव माणूस असतो. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप. पोस्टखात्यात तेहेतीस वर्षं नोकरी, आणि जन्मभरात सत्तेचाळीस कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. उठवायला आणि कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर, त्याला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्त. हे सगळं खरं आहे, त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पण हे ऐकून अर्धवट कादंबरीवाला माणूस आणखीच खचतो. सकाळी सहा बावीसची लोकल पकडणाऱ्याने साडेपाचला काय लिहायचं?

आणि गंमत अशी, की ही पहाटेची शिस्त आपण ऐकतो ती १८५९नंतरची. तोवर त्याची अनेक पुस्तकं निघाली होती, नाव झालं होतं, लंडनजवळ मोठं घर होतं. पहिली कादंबरी लिहिणारा ट्रॉलप हा माणूस वेगळा. आज आपण त्याच्याकडे बघू.

ट्रॉलपचा जन्म १८१५चा. १८३४मध्ये तो लंडनच्या मुख्य पोस्ट कचेरीत कारकून म्हणून चिकटला, पगार वर्षाला नव्वद पौंड. तिथे त्याने सात वर्षं काढली आणि ती वाईट गेली. उशिरा येणारा, निष्काळजी, अशी त्याची ख्याती. वरिष्ठ कर्नल मेबर्ली त्याच्यावर खार खाऊन. शिंप्याचं बारा पौंडांचं बिल थकलं, ते कागद सावकाराकडे गेले, आणि फेडता फेडता दोनशेच्या वर पैसे गेले. तो सावकार रोज कचेरीत येऊन त्याच्या खुर्चीमागे उभा राही आणि वेळेवर पैसे देत जा म्हणून समजावी. सहकाऱ्यांसमोर! या सात वर्षांत कादंबरी लिहायची असं तो मनाशी रोज म्हणत असे, आणि सुरुवात केली नाही म्हणून रोज स्वतःला कोसत असे. सात वर्षांत त्या कादंबरीची एक ओळ झाली नाही. वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही, संध्याकाळ मोकळीच असायची.

इथे थोडं थांबू या. नोकरीचा ताण असं आपण सरसकट म्हणतो, पण आम्हाला वाटतं त्यात निदान दोन प्रकार आहेत. एक कामाचा ताण, दुसरा अपमानाचा. कामाने माणूस दमतो, झोपतो, उठतो. अपमान मात्र घरी बरोबर येतो, जेवताना ताटाशी बसतो, आणि लिहायला बसलं की आधी तोच बोलायला लागतो. लंडनमधल्या ट्रॉलपला हा दुसरा होता.

१८४१मध्ये आयर्लंडमध्ये एक जागा रिकामी झाली. बॅनहर नावाच्या आडगावी पोस्टाच्या सर्वेअरचा मदतनीस. लंडनचं कोणी जायला तयार नव्हतं, ट्रॉलपने अर्ज केला. मेबर्लीने नव्या साहेबाला पत्रच धाडलं होतं की हा माणूस कुचकामी आहे, काढूनच टाकावा लागेल. नवा साहेब म्हणाला, मी तुझं काम बघून ठरवेन. वर्षभरात ट्रॉलप खात्यातला चांगला माणूस म्हणून ओळखला जायला लागला. नावाला पगार शंभर पौंड, पण फिरतीचा दिवसाला पंधरा शिलिंग भत्ता आणि मैलाला सहा पेन्स, सगळं धरून खर्च वजा जाता चारशेच्या घरात. काम मात्र वाढलं होतं. घोड्यावरून गावोगाव फिरायचं, तक्रारी तपासायच्या, पोस्टमास्तरांचे हिशेब बघायचे.

म्हणजे त्याने नोकरी सोडली नाही. त्याच खात्यात जागा बदलली. बदलीचा अर्ज हा लेखकाच्या चरित्रात कुणी ठळक छापत नाही, पण इथे तोच निर्णायक ठरलेला दिसतो.

१८४३च्या सप्टेंबरात कामानिमित्त ड्रमस्ना या गावी असताना मित्राबरोबर फिरताना त्याला एक पडकं घर दिसलं. वाड्याची वाताहत कशी झाली असेल याचा विचार करता करता ‘द मॅकडर्मॉट्स ऑफ बॅलिक्लोरन’ सुचली. आणि मग भराभर लिहून झाली का? अजिबात नाही. पुढच्या जूनमध्ये लग्न झालं तेव्हा तीन खंडांपैकी जेमतेम पहिला झाला होता. पुरी झाली १८४५मध्ये. पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द वगैरे काही नाही, मधे दिवसच्या दिवस कोरे. आपल्या दीडशे पानांच्या मित्राने हे लक्षात ठेवावं.

आता छपाई. ट्रॉलपची आई फ्रान्सिस ही तेव्हा त्याच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध लेखिका होती. पहिलं पुस्तक १८३२मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. पहाटे चारला टेबलाशी बसून, घरातले उठायच्या आत लिहून, मग आजारी नवऱ्याचं आणि मुलांचं करणारी बाई. पहाटेच्या शिस्तीचं खरं श्रेय द्यायचं तर तिला द्यावं. तर हस्तलिखित आईकडे दिलं. ती ते वाचणार नाही, फक्त प्रकाशक बघेल, असं ठरलं. तिने टॉमस न्यूबी नावाचा लंडनचा प्रकाशक गाठला आणि १८४७मध्ये पुस्तक बाहेर आलं. याच न्यूबीने त्याच वर्षी एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ काढल्या, आणि त्यांच्याकडून छपाईपोटी पन्नास पौंड आधी घेतले. ट्रॉलपकडून घेतले नाहीत. त्याच्याशी करार ‘अर्ध्या नफ्या’चा होता.

हा अर्धा नफा नीट समजून घेऊ, कारण तो वेगळ्या नावांनी आजही भेटतो. प्रकाशक आपल्या खर्चाने छापणार. विक्रीतून कागद, छपाई, बांधणी, जाहिराती, दुकानदारांची सूट हे सगळं वळतं करणार. उरेल त्याचे दोन भाग. खर्च किती झाला हे कोण सांगणार? प्रकाशक. ट्रॉलपला न्यूबीकडून एक पैसा आला नाही, हिशेबाचा कागदही कधी आला नाही. त्याने मागितलाही नाही.

पुस्तक पडलं. १८४७ म्हणजे आयर्लंडमधल्या दुष्काळाचं सर्वांत भीषण वर्ष. तिथल्या हलाखीची गोष्ट लंडनमध्ये विकत घेऊन कोण वाचणार! दुसरी कादंबरीही आयर्लंडचीच, ‘द केलीज अँड द ओकेलीज’, १८४८, प्रकाशक हेन्री कोलबर्न. या वेळी हिशेब मात्र आला. ३७५ प्रती छापल्या, १४० खपल्या, तोटा ६३ पौंड १० शिलिंग दीड पेनी. सोबत पत्र, की आयर्लंडचे विषय वाचकांना रुचत नाहीत आणि तुम्ही कादंबऱ्या लिहीत राहावं असं उत्तेजन आम्ही देऊ शकत नाही. दीड पेनीपर्यंतचा हिशेब दिला याबद्दल आम्हाला कोलबर्नचं कौतुकच वाटतं. नव्या लेखकाला गोड बोलून टांगत ठेवण्यापेक्षा हे बरं.

तिसरी ‘ला व्हांदे’, १८५०. या वेळी ट्रॉलप थोडा शहाणा झाला होता. वीस पौंड रोख, ३५० प्रती खपल्या तर आणखी तीस, सहा महिन्यांत ४५० खपल्या तर आणखी पन्नास. मिळाले फक्त वीस. पण ते हातात पडले, कारण ते विक्रीवर टांगलेले नव्हते.

हा सगळा काळ नोकरी चालूच होती. आमचा आजचा मुद्दा हाच आहे. नोकरीने त्याला लिहायला वेळ दिला असं आम्ही म्हणणार नाही. १८५१पासून दोन वर्षं त्याला इंग्लंडच्या पश्चिम भागात खेड्यापाड्यांतल्या टपालवाटपाची पाहणी करायला पाठवलं. दिवसाला चाळीस मैल घोड्यावर, कुठल्या घरापर्यंत पोस्टमन जाऊ शकतो ते बघायचं, आणि पोस्टमनला सोळा मैलांवर चालायला लागू नये. त्या दोन वर्षांत त्याला काही लिहिता आलं नाही, आणि त्याची त्याने तक्रारही केलेली नाही. काम आवडीचं होतं. नोकरीने दिलं ते वेगळंच. तीन पुस्तकं एकापाठोपाठ एक पडली तरी घरात चूल पेटत होती. पहिल्या कादंबरीचं अपयश हा त्याच्यासाठी फक्त साहित्यिक प्रश्न राहिला, भाडं थकण्याचा झाला नाही. पुस्तकाच्या उत्पन्नावर घर असतं, तर १८४८च्या त्या पत्रानंतर लेखक उरला असता का? आम्हाला नाही वाटत.

आणि त्याच पाहणीच्या फिरतीत, सॉल्सबरीला एका उन्हाळ्याच्या संध्याकाळी कॅथेड्रलच्या आसपास भटकताना त्याला ‘द वॉर्डन’ सुचली. लिहायला सुरुवात १८५३च्या जुलैत, म्हणजे पाहणी सरत आल्यावर. १८५५मध्ये लाँगमनने छापली. वर्षाअखेर चेक आला तो ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्सचा. पुढल्या वर्षी १० पौंड १५ शिलिंग १ पेनी. लेखणीची आपली पहिली खरी कमाई म्हणून त्याने हीच मोजली, कोलबर्नचे वीस पौंड आपण कमावलेच नव्हते असं तो म्हणतो. ड्रमस्नाच्या पडक्या घरापासून इथवर बारा वर्षं. पुढची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ १८५७ची, तिला शंभर पौंड आगाऊ. ती बरीचशी आगगाडीच्या डब्यात, मांडीवर फळी घेऊन पेन्सिलीने लिहिलेली, आणि बायकोने नंतर शाईने उतरवून काढलेली. (लोकलवाल्यांनी घ्यायचं ते हे उदाहरण, बसायला जागा मिळाली तर.) जाता जाता, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही आपली पहिली मराठी कादंबरीही १८५७चीच.

आपल्याकडेही असं घडलं आहे. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. पहिली कादंबरी ‘एल्गार’ १९४९ची, ‘गारंबीचा बापू’ १९५२ची. कोकणातलं गाव त्यांनी मुंबईच्या नोकरीत राहून लिहिलं.

आता न्यूबीकडे परत येऊ, कारण तो मेलेला नाही. आमच्या गटातल्या एकाची कादंबरी सहा वर्षं कपाटात होती. गेल्या वर्षी एका प्रकाशकाचा होकार आला, सगळे खूश, पेढे आले. मग कळलं की छपाईचे पैसे लेखकाने द्यायचे, प्रती किती छापणार ते लिहिलेलं नाही, आणि सगळे हक्क कायमचे त्यांचे. माणूस नोकरीने इतका थकलेला होता की सही करून मोकळा होणार होता. थकलेला माणूस करार वाचत नाही, हे न्यूबीला १८४७मध्येही माहीत असणार.

म्हणून थोडं कायद्याचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, मानधन किती, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘कायमचे’ असं लिहून त्यावर सही केलीत, तर मात्र या पाच वर्षांचा आधार राहत नाही. रॉयल्टी छापील किमतीवर की खर्च वजा जाता उरेल त्यावर, हे विचाराच. दुसरं उत्तर आलं तर तो अर्धा नफाच समजा. आवृत्ती किती प्रतींची आणि वर्षातून एकदा हिशेबाचा कागद मिळणार का, हेही लिहून घ्या. सरकारी नोकरांना भीती असते ती परवानगीची. केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत निव्वळ साहित्यिक लेखनाला मोकळीक आहे. राज्य सरकार, बँका, खासगी कंपन्या यांचे नियम आपापले, ते सही करण्याआधी वाचून ठेवा.

आमच्या मित्राने सही केली नाही. हस्तलिखित पुन्हा कपाटात गेलं होतं, आता दुसऱ्या एका प्रकाशकाकडे वाचायला आहे. पाच महिने झाले, उत्तर नाही. तोवर त्याने दुसरी सुरू केली आहे, रविवारी सकाळी दोन तास, बाकी दिवस कोरे.

ज्यांनी नोकरी सोडू का म्हणून विचारलं होतं, ते आज मागच्या रांगेत बसलेले दिसताहेत. साहेब, आमचा पहिला प्रश्न तुम्हालाच. तुमच्या खात्यात बदलीचा अर्ज कधी निघतो?