पाचगणीचा फ्रेडी आणि पाच वर्षांचा उशीर

पनवेलहून खोपोली, बोरघाट, पुणे, मग सुरूर फाट्यावरून वाई आणि पसरणीचा घाट. पाचगणीचा हा रस्ता आपल्याकडच्या बहुतेक घरांना पाठ आहे. टेबललँड बघून, स्ट्रॉबेरी घेऊन आपण परततो. ‘क्वीन’ या रॉक बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याच गावात वाढला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याचं मूळ नाव फारुख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ला झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात तो जन्मला. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. घराण्याचं आडनाव गुजरातेतल्या बुलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. आठव्या वर्षी त्याला आईवडिलांपासून हजारो मैल दूर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं गेलं.

‘फ्रेडी’ हे नाव त्याला इथल्याच मित्रांनी दिलं. पियानोचं शिक्षण इथंच झालं. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं हा मुलगा लगेच पियानोवर वाजवून दाखवत असे, अशी त्याच्या वर्गमित्रांची आठवण आहे. पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ते क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. गंमत अशी, की त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. गायचा ब्रूस मरे. फ्रेडी मागे पियानोवर. जगातल्या सर्वश्रेष्ठ गायकांत ज्याची गणना झाली, तो मुलगा शाळेत दुसऱ्याला साथ करत होता. मला हा त्याच्या चरित्रातला फार मोलाचा भाग वाटतो. गाण्याची बांधणी त्याला आतून कळली ती या साथीमुळे, असं माझं मत आहे.

१९६३मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४मध्ये तिथं क्रांती उसळली आणि बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं. लंडनजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी नव्यानं संसार मांडला. फ्रेडी कलाशाळेत ग्राफिक डिझाइन शिकला. हीथ्रो विमानतळावर त्यानं सामान उचलायचं काम केलं, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७०मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत त्यानं ‘क्वीन’ उभा केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. बँडचं बोधचिन्हही फ्रेडीनंच काढलं. त्यात चौघांच्या राशींची चित्रं आहेत.

१९७५चं ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचं होतं. एवढं लांब गाणं रेडिओवाले लावणार नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं होतं. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १३ जुलै १९८५ला वेम्बलीच्या मैदानात, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये क्वीनला वीसेक मिनिटं मिळाली. सत्तर हजारांवर माणसं फ्रेडीच्या एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या देत होती. ते चित्रीकरण ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी जरूर पाहावं.

त्याच्या आयुष्यावरच्या २०१८च्या चित्रपटात या कार्यक्रमाआधीच तो सोबत्यांना एड्स झाल्याची बातमी देतो, असं दाखवलंय. ते खरं नाही. त्याचा जोडीदार जिम हटन याच्या सांगण्यानुसार निदान झालं १९८७च्या एप्रिलमध्ये. त्या आधीच, ९ ऑगस्ट १९८६ला नेबवर्थमध्ये क्वीनसोबतचा त्याचा अखेरचा जाहीर कार्यक्रम होऊन गेला होता. निदानानंतरची साडेचार वर्षं तो स्टुडिओत गात राहिला. शरीर खंगत होतं, वृत्तपत्रांचे छायाचित्रकार घराबाहेर टपून असत, आणि तो आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवत होता. २३ नोव्हेंबर १९९१ला त्यानं एड्स झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

मृत्यूचं थेट कारण होतं न्यूमोनिया. एड्सला कारण ठरणारा एचआयव्ही हा विषाणू स्वतः एका घावात मारत नाही. शरीराच्या संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी तो वर्षानुवर्षं संपवत जातो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या पाचशे ते दीड हजार असतात. दोनशेच्या खाली गेल्या, की एरवी सहज परतवता येणारे जंतूही जिवावर उठतात. फ्रेडीच्या निदानाच्या महिनाभर आधी, मार्च १९८७मध्ये अमेरिकेत एझेडटी या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. पण एकट्या औषधासमोर विषाणू रूप पालटून निसटत होता. तीन औषधं एकत्र दिली तर त्याला निसटायला वाट उरत नाही, हे १९९६मध्ये सिद्ध झालं आणि मृत्यूंचे आकडे झपाट्यानं खाली आले. फ्रेडीला फक्त पाच वर्षं कमी पडली.

ती औषधं गरिबांपर्यंत पोचायला आणखी काळ गेला. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तोच तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देऊ केला. आफ्रिकेतल्या लाखो जिवांचं भवितव्य या देकारानं बदललं. याच कंपनीचा एक कारखाना आपल्या पनवेलशेजारी, पाताळगंगेला आहे. भारत सरकारनं १ एप्रिल २००४पासून हे उपचार मोफत सुरू केले. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागतही नाही.

मग अडतं कुठं? लाजेपाशी. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमुळे असेल, आपल्या भागात एड्स म्हटलं की बोट ट्रकचालकाकडे वळतं. हे अन्यायाचं आहे आणि धोक्याचंही, कारण बोट दाखवणारा स्वतःची चाचणी करत नाही. निदान उशिरा होतं, तोवर सीडी-४ पेशी घसरलेल्या असतात. लंडनमध्ये, पैसा आणि कीर्ती असूनही, फ्रेडीला आपला आजार मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत जगापासून लपवावा लागला. कुणी ट्रकचालक, कुणी गृहिणी, कुणी कॉलेजचा मुलगा हा आजार लपवत असेल, तर त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं लागण झालेल्या माणसाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात वेगळं वागवण्यास बंदी केली आहे. त्याच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करणंही बेकायदा आहे.

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत होते, समुपदेशन मिळतं आणि नाव गुप्त राहतं. १०९७ हा मदतीचा क्रमांक निःशुल्क आहे. मनात शंका असेल तर जा, आणि घरात कुणी जायला घाबरत असेल तर त्याच्यासोबत जा.