आपला क्लब कोणता?

गेल्या महिन्यात शाळेच्या मैदानावर खेळाचा तास चालू असताना पाचवीच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "मिस, तुमचा क्लब कोणता?" त्याच्या अंगात लिव्हरपूलचा लाल सदरा होता. दुसऱ्याने मँचेस्टर युनायटेडचे नाव घेतले, तिसऱ्याने आर्सेनलचे, आणि लगेच वादाला तोंड फुटले. मी हसून वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न मी लहानपणी आमच्या घरात कितीदा तरी ऐकला होता, आणि तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा होता.

आज चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. आपल्या बेटावर इंग्रजांच्या राजवटीत फुटबॉल रुजला आणि १९३५ साली लीगचे सामने सुरू झाले. पुढे १९५२ साली मॉरिशस फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. त्या काळच्या मोठ्या क्लबांची नावे नुसती उच्चारली तरी कोणता क्लब कोणत्या लोकांचा हे वेगळे सांगावे लागत नसे. क्यूरपीपचा डोडो क्लब हा फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स आणि तमिळ कॅडेट्स यांच्या तर नावातच सारे आले. फायर ब्रिगेडचे नाव अग्निशामक दलाचे, पण त्याच्यामागे उभा राहणारा मोठा वर्ग क्रिओल कष्टकऱ्यांचा. जणू बेटावरची सारी जनगणना रविवारी दुपारी क्यूरपीपच्या जॉर्ज पाचवे स्टेडियमवर येऊन बसत असे.

या मांडणीत आपण मराठी लोक कुठे होतो? पहिल्या डिव्हिजनच्या या मोठ्या नावांत मराठी नाव नव्हते. आपण संख्येने थोडे. रत्नागिरीकडून आलेल्या आपल्या आजा-पणजांनी ऊसमळ्यात घाम गाळला, वाक्वा, कास्कावेल, ब्लॅक रिव्हर अशा ठिकाणी घरे केली, गणपती बसवले, भजनी मंडळे चालवली. १९६० साली आपली मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन झाली. देवळाचा, भाषेचा प्रश्न आला की आपण मराठी. पण फुटबॉलचा प्रश्न आला की प्रत्येकाने आपापली वाट शोधलेली.

आमच्या घरी बाबा हिंदू कॅडेट्सचे. मामा मात्र फायर ब्रिगेडचे. कारण विचारले तर ते सांगत, "मी ज्यांच्याबरोबर कामाला जातो, ज्यांच्याबरोबर डबा खातो, ते सगळे फायर ब्रिगेडचे. मग मी एकटा दुसरीकडे बसून काय करू?" हे दोन संघ समोरासमोर आले की त्या रविवारी आजी दोघांनाही एका पंगतीला बसवीत नसे. "आधी जेवा, मग भांडा," असे तिचे म्हणणे. ज्याचा संघ हरे तो संध्याकाळी तोंड पाडून येई, आणि जिंकलेला मुद्दाम गातो-पिमाँचा पुडा घेऊन त्याच्या दारी जाई. भांडण असे, पण ते पुडा संपेपर्यंत.

आणखी एक गोष्ट आजच्या मुलांना खरी वाटणार नाही. मैदानावरचे ते वीर सोमवारी सकाळी कामावर जात. कुणी पोलिसात, कुणी गोदीत, कुणी कचेरीत, कुणी माझ्यासारखा शाळेत. खेळण्यावर कुणाचे घर चालत नसे. क्लब चालत तो दुकानदारांच्या देणग्यांवर, सभासदांच्या वर्गणीवर आणि पदरमोड करणाऱ्या चार वेड्या माणसांवर.

आमच्या गावचा संघही असाच. त्याला पहिल्या डिव्हिजनचे स्वप्नसुद्धा कधी पडले नाही. उसाच्या शेताशेजारची उतरती जमीन हे त्याचे मैदान. वरच्या बाजूने खेळणाऱ्याला निम्मा सामना फुकट मिळाल्यासारखा, म्हणून नाणेफेकीला फार महत्त्व. बूट अकरांत सात जोड. ज्याच्या पायात बूट नसत त्याला मागे ठेवीत, आणि बाबा सांगत की सर्वांत चांगले खेळाडू नेमके मागेच असत. सामना झाल्यावर सदरे गोळा करून आमची काकू धूत असे. काकूने उभ्या आयुष्यात एकही सामना पाहिला नाही, पण कोण किती पळाला हे ती सदऱ्याच्या मळावरून ओळखत असे. त्या संघात मराठी होते, भोजपुरी घरांतले होते, क्रिओल होते, एक चिनी दुकानदाराचा मुलगा होता. गावात तेवढीच मुले होती. निवडायला वाव कुठे होता?

देशाचा संघ मात्र साऱ्यांचा होता. १९६८ साली आपण स्वतंत्र झालो आणि सहाच वर्षांनी, मार्च १९७४ मध्ये, आपला संघ इजिप्तला आफ्रिकन राष्ट्रांच्या चषकासाठी गेला. अंतिम फेरीत अवघे आठ देश, त्यांत आपले एवढेसे बेट. तेथे काँगोने आपल्याला २-० असे हरवले, गिनीने २-१ असे, आणि पुढे विजेता ठरलेल्या झाईरने ४-१ असे. तिन्ही सामने आपण हरलो. पण बाबा तो पराभव असा सांगत की ऐकणाऱ्याला वाटावे आपण चषकच घेऊन आलो. "झाईरला आपण एक गोल केला, कळले का? तेच झाईर त्या वर्षी जागतिक चषकाला गेले!" त्या दिवसांत कॅडेट्स, स्काउट्स, ब्रिगेड असे भेद रेडिओपाशी कुणाला आठवत नसत. त्या चषकाच्या अंतिम फेरीत आपण पुन्हा कधी पोहोचलो नाही.

मला स्वतःला आठवते ते १९८५ साल. हिंदी महासागरातील बेटांचे क्रीडा-सामने आपल्याकडे भरले होते आणि फुटबॉलचे सुवर्णपदक मॉरिशसने जिंकले. मी पाच वर्षांची देखील नव्हते. सामना आठवत नाही. आठवतो तो बाबांचा खांदा, मोटारींचे भोंगे आणि रस्त्यात ओळख नसलेल्या माणसांनी एकमेकांना मारलेल्या मिठ्या.

त्याच दशकात क्लबांच्या नावांतून धर्म आणि जात काढून टाकण्यात आली. हिंदू कॅडेट्स हा नुसता कॅडेट्स क्लब झाला, मुस्लिम स्काउट्स हा स्काउट्स क्लब झाला. हेतू चांगला होता. परंतु पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. प्रेक्षक तेच राहिले, बसण्याच्या जागा त्याच राहिल्या, आणि आरोळ्याही त्याच राहिल्या. फ्लाकच्या सनराइझ संघाने पुढे एकामागून एक विजेतेपदे मिळवली, खेळाचा दर्जा वाढला, स्टेडियम भरून वाहू लागले. त्याबरोबर दगड-बाटल्याही वाढल्या. मामा म्हणू लागले, "आता गातो-पिमाँचा पुडा घेऊन कुणाच्या दारी जाण्याचे दिवस राहिले नाहीत."

१९९९ हे वर्ष आपल्या देशाला जड गेले. फेब्रुवारीत गायक काया यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि देश पेटला. ती जखम ओली असतानाच २३ मेचा रविवार उजाडला. बेल व्ह्यूच्या अंजले स्टेडियमवर स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्यात विजेतेपद ठरवणारा सामना होता. हे स्टेडियम ज्या अंजले कुपेन यांच्या नावाचे, त्या १९४३ साली मजुरांच्या संपात पोटात बाळ असताना गोळी लागून मेल्या. असे नाव ज्या जागेला दिले, तेथे तरी माणसाने माणसाला जपावे.

माझा दादा त्या दिवशी सामन्याला गेला होता. बरोबर शेजारच्या चाचींचा मुलगा होता. दादा मामांच्या तालमीत वाढल्यामुळे ब्रिगेडचा, तो स्काउट्सचा. शाळेपासून दोघे असेच जात, येताना एकमेकांना चिडवत येत. मी एच.एस.सी.चा अभ्यास करीत बसले होते. विजेतेपद फायर ब्रिगेडला मिळाल्याची बातमी आली, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बातम्या येऊ लागल्या. रस्ते अडवले आहेत. गाड्या जळत आहेत. पोर्ट लुईमध्ये लामिकाल नावाचा जुगाराचा क्लब पेटवला आहे, आत माणसे आहेत.

आई फाटकापाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने चाची आल्या आणि त्याही तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. आईने आपली शाल काढून अर्धी त्यांच्या खांद्यावर टाकली, एवढे मला आठवते. वाक्वाची मे महिन्यातली रात्र. धुके उतरू लागले होते. साडेदहाच्या सुमारास दोघे मुलगे चालत आले. बस मध्येच सोडून शेतांतल्या वाटांनी आले होते. जेथे स्काउट्सचे लोक भेटले तेथे चाचींच्या मुलाने "हा माझा भाऊ" म्हणून सांगितले. जेथे ब्रिगेडचे भेटले तेथे दादाने तेच सांगितले. त्या रात्री लामिकालच्या आगीत सात माणसे मेली. त्यांत लहान मुले होती.

दादा त्यानंतर एकाही सामन्याला गेला नाही. तो एकटाच नव्हे. लीग बंद पडली, आणि पुन्हा उभी राहिली ती नव्या पायावर: यापुढे क्लब जमातीचे नव्हेत, गावाचे आणि जिल्ह्याचे. ऑलिंपिक द मोका, असोसिएशन पोर्ट लुई २०००, पांप्लमूस, क्यूरपीप स्टारलाइट, वाक्वा-फिनिक्स, पेतित रिव्हियेर न्वार अशी नावे आली. पोर्ट लुईच्या संघाने २००२ पासून २००५ पर्यंत चार वेळा लीग जिंकली. पण किती वाचकांना त्या संघातील तीन खेळाडूंची नावे सांगता येतील? बाबांना १९७४च्या संघातील अकराच्या अकरा नावे पाठ होती.

येथे आपण प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. जुने क्लब जमातीचे होते, म्हणून लोक जीव ओवाळून टाकीत. त्यातूनच शिस्त आली, वर्गण्या आल्या, खेळाडू घडले. आणि त्यातूनच ती रात्रही आली. नवे क्लब निर्मळ आहेत, पण त्यांच्या बाकांवर बसायला माणसे नाहीत. मधल्या पोकळीत दूरदर्शन शिरले, आणि आमच्या मुलांची मने शनिवार-रविवारी इंग्लंडच्या मैदानावर जाऊन बसली. २०२० साली तर आपल्या देशाने पर्यटनाच्या प्रचारासाठी थेट लिव्हरपूल क्लबाशी करार केला. इंग्लंडच्या खेळाडूंचे कौतुक करण्यात गैर काही नाही. दादाचा मुलगाही तेच करतो. परंतु दूरदर्शनपुढे बसून कुणाचा दम वाढत नाही, आणि शेजारीही कळत नाही.

काही जण म्हणतात की जुनी नावे परत आणा, म्हणजे गर्दी परत येईल. माझे मत असे की गर्दी येईल, पण आमच्या आईने ज्या फाटकापाशी ती रात्र काढली, त्या फाटकापाशी पुन्हा कुणा आईला उभे करून येईल. बाबांच्या कॅडेट्सबद्दल मला माया आहे. तरीही मी ते मागणार नाही.

मग उपाय काय? शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती. मुलांना स्वतः संघ पाडू देऊ नका. ती नेहमी आपापल्या घोळक्याचा संघ करतात. रांगेत उभे करा आणि एक-दोन, एक-दोन मोजा. मी आजही तसेच करते. पहिली पाच मिनिटे सगळे नाराज असतात. पहिला गोल झाला की कोण कुणाचा हे विसरून गळ्यात गळे पडतात. आमच्या गावच्या त्या सात बुटांच्या संघाचे तरी दुसरे काय होते? तेथे गावानेच एक-दोन मोजून दिले होते.

२०१९ साली बेटांचे क्रीडा-सामने पुन्हा आपल्या देशात झाले तेव्हा चौरंगी झेंडा घेऊन सारे लोक एका बाकावर बसलेले आपण पाहिले. म्हणजे ती माया आटलेली नाही. ती देशाच्या सामन्यापुरती चार वर्षांतून एकदा न येता गावच्या मैदानावर दर रविवारी यावी, एवढीच अपेक्षा आहे. आपल्या मराठी घरांना हे अवघड जाऊ नये. आपला असा मोठा क्लब कधी नव्हता. आपण नेहमी शेजाऱ्याच्या बाकावर जाऊन बसलो आणि तेथे आपले झालो. कधी काळी मला हे उणे वाटत असे. आता वाटत नाही.

तेव्हा वाचकहो, माझी एक विनंती आहे. आपल्या भागातील संघाचा पुढचा सामना कधी आहे याची चौकशी करा, आणि घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला घेऊन जा. जाताना शेजारच्या मुलालाही हाक मारा. मागच्या रविवारी मी दादाला असेच ओढून नेले. वीस वर्षांहून अधिक काळाने तो मैदानावर आला. येताना त्याने चाचींच्या मुलालाही फोन केला होता. आता दोघांचे केस पांढरे झाले आहेत. संघ ३-१ असा हरला. बाकांवर आम्ही मोजून चाळीस माणसे असू. परतताना दादा बचावफळीला नावे ठेवीत होता, चाचींचा मुलगा पंचाला, आणि दादाचा मुलगा दोघांच्या मध्ये लिव्हरपूलचा सदरा घालून चालत विचारत होता, "पुढचा सामना कधी?"