अविवाहितांची कामवासना आणि ख्रिस्ती नीतिविचार

अविवाहितांची कामवासना हा ख्रिस्ती नीतिशास्त्रातील एक जुना विषय आहे. विवाहापूर्वी, वैधव्यात किंवा आजन्म अविवाहित राहताना व्यक्तीने आपल्या लैंगिक इच्छेकडे कसे पाहावे आणि तिचे नियमन कसे करावे, याचा विचार त्यात केला जातो. लैंगिक संबंधाचे योग्य स्थान विवाह हे होय, यावर बहुतेक ख्रिस्ती पंथांचे पारंपरिक एकमत आहे. मात्र मनात उठणारी इच्छा हेच पाप आहे काय, ब्रह्मचर्य विवाहाहून श्रेष्ठ आहे काय आणि एकटेपणाचे ओझे कोणावर किती लादावे, या प्रश्नांवर पंथापंथांत मतभेद आहेत. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर, बेळगाव व पुणे या परिसरात, एकोणिसाव्या शतकातील मिशनकार्य आणि विधवांचा प्रश्न यांमुळे या विचाराला वेगळे सामाजिक वळण मिळाले.

## संज्ञा

नव्या कराराच्या ग्रीक मूळ संहितेत इच्छेसाठी 'एपिथुमिया' हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ 'उत्कट इच्छा' एवढाच असून तो चांगल्या इच्छेलाही लावला जातो. लूककृत शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी येशू शिष्यांबरोबर जेवण्याची आपली उत्कट इच्छा याच शब्दाने व्यक्त करतो. विवाहबाह्य लैंगिक संबंधांसाठी 'पोर्नेइया' हा निराळा शब्द असून मराठी भाषांतरांत त्यासाठी 'जारकर्म' हा शब्द रूढ आहे. लॅटिन परंपरेत 'कॉन्कुपिसेंशिया' ही संज्ञा मनुष्यस्वभावातील विस्कळीत ओढीसाठी वापरली गेली.

मराठी वाचकाला 'काम' हा शब्द दोन संदर्भांत परिचित आहे. चार पुरुषार्थांत काम हे जीवनाचे एक वैध उद्दिष्ट आहे, तर षड्रिपूंत तो पहिला शत्रू आहे. ख्रिस्ती विचारातही असेच द्वैत आढळते. लैंगिकता ही ईश्वरनिर्मित म्हणून चांगली मानली जाते. तिचे स्वैर रूप मात्र पापाकडे नेणारे समजले जाते. 'ब्रह्मचर्य' या शब्दाच्या वापरातही फरक आहे. आश्रमव्यवस्थेत ब्रह्मचर्य हा गृहस्थाश्रमापूर्वीचा टप्पा आहे, तर ख्रिस्ती धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या बाबतीत तो आजन्म स्वीकारलेला मार्ग असतो.

## बायबलमधील आधार

### जुना करार

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा व्यभिचाराला मनाई करते आणि दुसरी शेजाऱ्याच्या पत्नीचा लोभ धरण्यास. कॅथलिक परंपरेत या आज्ञा अनुक्रमे सहाव्या व नवव्या क्रमांकावर येतात. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन व इतर अनेक प्रोटेस्टंट परंपरांत त्या सातव्या व दहाव्या क्रमांकावर मोजल्या जातात. त्यामुळे भिन्न पंथांची पुस्तके वाचताना क्रमांकांचा घोळ होण्याचा संभव असतो.

अविवाहितांच्या संदर्भात दोन कथा वारंवार सांगितल्या जातात. उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातील योसेफ हा तरुण गुलाम धन्याच्या पत्नीची मागणी नाकारतो आणि तिने केलेल्या खोट्या आरोपामुळे तुरुंगात जातो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तेराव्या अध्यायात दाविदाचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्या ध्यासाने आजारी पडतो, कपटाने तिला जवळ बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर त्याला तिचा पूर्वीच्या ओढीहूनही तीव्र द्वेष वाटू लागतो. वासना आणि प्रेम यांतील अंतर दाखवण्यासाठी ही कथा उपयोगात आणली जाते. याउलट 'गीतरत्न' हे संपूर्ण पुस्तक स्त्रीपुरुषांच्या परस्पर आकर्षणाचे काव्य असून शरीराविषयी तिरस्काराचा सूर त्यात नाही.

### नवा करार

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील डोंगरावरील प्रवचनात येशूने व्यभिचाराची व्याख्या कृतीपुरती मर्यादित न ठेवता अंतःकरणातील कामुक दृष्टीपर्यंत नेली. येथे जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकलेली आहे, जिच्याकडे पाहिले जाते त्या स्त्रीवर नाही. स्त्रियांच्या पोशाखावर किंवा वावरावर पुरुषाच्या वासनेचा दोष टाकण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध अनेक भाष्यकार याच वचनाचा आधार घेतात.

पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय या विषयाचा मुख्य आधार मानला जातो. पौल स्वतः अविवाहित स्थिती पसंत करतो, परंतु संयम हे सर्वांना मिळणारे दान नाही, हेही मान्य करतो. वासनेने जळत राहण्यापेक्षा अविवाहितांनी व विधवांनी विवाह करणे बरे, असा सल्ला तो देतो. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. याकोबाच्या पत्रात इच्छेपासून पापापर्यंतचा क्रम गर्भधारणा व प्रसूती यांच्या रूपकातून सांगितला आहे.

## विचाराचा इतिहास

### आरंभीचे चर्च

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी मनात येणाऱ्या विचारांचे बारकाईने निरीक्षण केले. इव्हाग्रियस याने मांडलेल्या आठ दुष्ट विचारांत वासनेचा समावेश होता. पुढे पोप ग्रेगरी पहिले यांनी त्या यादीला दिलेल्या नव्या मांडणीतून सात मुख्य पापांची परंपरा निर्माण झाली. सातव्या शतकातील योहान क्लायमॅकस याने मोहाच्या पायऱ्या सांगितल्या: मनात चित्र उमटणे, त्याच्याशी मनाने संवाद करणे, त्याला संमती देणे आणि अखेर त्याच्या बंदिवासात जाणे. पहिली पायरी दोषरहित मानली जात असल्याने ऑर्थोडॉक्स परंपरेत या वर्गीकरणाला मार्गदर्शनात महत्त्व आहे.

हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी 'कन्फेशन्स' या ग्रंथात आपल्या तारुण्यातील वासनेशी झालेला झगडा मोकळेपणाने लिहिला. विवाह न करता ते अनेक वर्षे एका स्त्रीबरोबर राहिले आणि त्यांना एक पुत्रही झाला. आदामाच्या पतनानंतर मनुष्याची इच्छा त्याच्या विवेकाच्या ताब्यात राहिली नाही, या त्यांच्या सिद्धान्ताचा पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर दीर्घकाळ प्रभाव राहिला. त्याच सुमारास जोव्हिनियन याने विवाहित व ब्रह्मचारी यांची योग्यता समान असल्याचे मत मांडले. ते रोमच्या चर्चने अमान्य केले.

### मध्ययुग

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी शील हा मिताचाराचा एक भाग मानला. त्यांच्या मते सुख वाईट नाही. विवेकाची मर्यादा सोडून केलेला सुखाचा पाठलाग वाईट आहे. विवाहाविना ठेवलेल्या संबंधाला त्यांचा मुख्य आक्षेप त्यातून जन्मणाऱ्या अपत्याच्या संगोपनाविषयी होता. अपत्याला आई व वडील दोघांचाही दीर्घकाळ आधार लागतो आणि विवाहाशिवाय त्याची हमी राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

### धर्मसुधारणा

मार्टिन ल्यूथर यांनी १५२१ मध्ये मठवासीयांच्या शपथांवर टीका केली आणि १५२५ मध्ये पूर्वी धर्मभगिनी असलेल्या कॅथरिना फॉन बोरा यांच्याशी विवाह केला. ज्याला संयमाचे दान नाही त्याला ब्रह्मचर्याच्या शपथेने बांधणे म्हणजे त्याला पापात ढकलणे होय, असे सुधारकांचे म्हणणे होते. उलट ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये ब्रह्मचर्याचे श्रेष्ठत्व पुन्हा प्रतिपादन केले.

## मोह आणि पाप यांतील भेद

अंतर्मुख तरुणांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न म्हणजे अनाहूत इच्छा स्वतःच पाप आहे काय, हा होय. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये यावर निर्णय दिला. बाप्तिस्म्यानंतरही माणसात राहणारी ओढ पापातून उद्भवलेली व पापाकडे नेणारी असली, तरी ती स्वतः पाप नव्हे. इच्छेने दिलेल्या संमतीमुळे पाप घडते, असे त्या परिषदेने ठरवले. लूथरन व रिफॉर्म्ड परंपरांनी मात्र ही आंतरिक विकृतीही पापस्वरूप मानली. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात ही भूमिका आढळते. व्यवहारात दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक आकर्षण वाटणे आणि वासनेला जाणीवपूर्वक मनात वाढवणे यांत फरक करतात. स्वतः येशूलाही मोह झाला, परंतु त्याने पाप केले नाही, या इब्री लोकांस पत्रातील विधानाचा आधार त्यासाठी दिला जातो.

## कोल्हापूर व महाराष्ट्रातील संदर्भ

अमेरिकन मिशनरी रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात कार्य सुरू केले. १८७० मध्ये हे कार्य प्रेस्बिटेरियन मिशनशी जोडले गेले. वाइल्डर यांच्या नावाचे चर्च कोल्हापूर शहरात आहे. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यानंतर येथील मंडळ्या त्या चर्चच्या कोल्हापूर धर्मप्रांतात आल्या.

प्रेस्बिटेरियन परंपरेचा सतराव्या शतकातील एक प्रमाणग्रंथ म्हणजे वेस्टमिन्स्टरची बृहत् प्रश्नोत्तरी होय. सातव्या आज्ञेच्या विवेचनात ती देह, मन, दृष्टी व वाणी यांच्या शुद्धतेची अपेक्षा करते. त्याबरोबरच आजन्म अविवाहित राहण्याच्या जाचक शपथा, योग्य विवाहाला केलेली मनाई आणि विवाह अकारण लांबवणे यांनाही ती या आज्ञेचा भंग मानते. म्हणजेच या परंपरेत अविवाहितांच्या शीलाची जबाबदारी केवळ त्यांच्यावर टाकलेली नाही. विवाहाच्या वाटेत अडथळा आणणाऱ्यांनाही दोषी धरले आहे.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष तीव्र होता. बालवयात विधवा झालेल्या उच्चवर्णीय मुलींना पुनर्विवाहाची परवानगी नव्हती आणि त्यांच्याकडून आजन्म संयमाची अपेक्षा केली जाई. शोषणातून गर्भ राहिल्यास लोकनिंदा स्त्रीच्या वाट्याला येई. बेळगाव येथे जन्मलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'यमुनापर्यटन' या कथेत विधवांची ही स्थिती वर्णिली. लादलेले वैधव्य हे शीलाचे रक्षण करत नसून त्याचा घात करते, हा या लेखनाचा रोख होता. पौलाने विधवांना दिलेल्या विवाहाच्या मोकळिकीशी तो जुळणारा होता. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लेखकांनी हाताळला असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात अशा विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले, तर कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन या विषयाची दुसरी बाजू दाखवते. १८८२ मध्ये विधवा झाल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांची कन्या मनोरमाही अविवाहित राहिली. दोघींनी केडगाव येथील मुक्तिसदनात विधवा व निराधार मुलींच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदन हा स्वतंत्र विभाग होता. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रीला आश्रय, शिक्षण व रोजगार देणे हा या कामाचा गाभा होता. रमाबाईंच्या उदाहरणात एकटेपणा हा लादलेला नव्हता, तर निवडलेला होता.

## आधुनिक भूमिका

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार प्रत्येक बाप्तिस्मित व्यक्तीला आपल्या स्थितीनुसार शीलाचे पाचारण आहे. वाङ्निश्चय झालेल्या जोडप्यांनीही विवाहापर्यंत संयम पाळावा, अशी अपेक्षा आहे. हस्तमैथुन हे कृत्य गंभीर दोषाचे मानले असले, तरी अपरिपक्वता, सवय व मानसिक ताण यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, असे तो ग्रंथ सांगतो. बायबलमध्ये या कृत्याचा स्पष्ट उल्लेख नसल्याने प्रोटेस्टंट लेखकांत त्याविषयी एकमत नाही. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायातील ओनानची कथा मृत भावाच्या वंशाचे कर्तव्य टाळण्याविषयी आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळातील व्याख्यानांत शरीर हे आत्मदानाची भाषा आहे, असा विचार मांडला. दुसऱ्या व्यक्तीला उपभोग्य वस्तू बनवणे हे त्यांच्या मते वासनेचे लक्षण होय.

संयमासाठी सुचवले जाणारे उपाय बहुतेक पंथांत समान आहेत: प्रार्थना, उपवास, मोहाच्या प्रसंगांपासून दूर राहणे, सेवाकार्य, विश्वासू मैत्री आणि अश्लील साहित्याचा त्याग. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाचा संस्कार यासाठी उपलब्ध असतो, तर प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक किंवा ज्येष्ठ सदस्य यांच्याशी खासगी संवादावर भर असतो.

## टीका व वाद

अमेरिकेत १९९३ पासून पसरलेल्या विवाहपूर्व संयमाच्या प्रतिज्ञांच्या चळवळीवर पुढे बरीच टीका झाली. अशा शिकवणीने मुलींच्या मनात भीती व अपराधभाव निर्माण केला आणि अत्याचार सोसलेल्या व्यक्तींना स्वतःलाच अपवित्र मानायला लावले, असा आक्षेप घेतला गेला. या चळवळीतील एक प्रमुख लेखक जोशुआ हॅरिस यांनी २०१८ मध्ये आपल्या गाजलेल्या पुस्तकाचे प्रकाशन थांबवले. स्त्रीवादी धर्मशास्त्रज्ञांनी शीलाचा भार स्त्रियांवर अधिक टाकला जातो, याकडे लक्ष वेधले आहे. समलिंगी व्यक्तींकडून आजन्म संयमाची अपेक्षा करणे न्याय्य आहे काय, यावर अनेक चर्चमध्ये वाद चालू आहे. काही प्रोटेस्टंट चर्चनी अशा विवाहांना मान्यता दिली आहे, तर कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चनी दिलेली नाही.

शिक्षण व नोकरीमुळे विवाहाचे वय वाढल्याने संयमाचा काळही लांबला आहे. मुलींची लग्ने लवकर होत असलेल्या काळात लिहिलेला पौलाचा सल्ला आज शब्दशः लागू करावा, की त्यामागील दुर्बळतेची दखल व दंडाऐवजी वाट दाखवण्याची वृत्ती स्वीकारावी, हा या वादाचा मुख्य मुद्दा आहे. पहिली बाजू नियमाच्या सातत्यावर भर देते. दुसरी बाजू वेस्टमिन्स्टरच्या प्रश्नोत्तरीप्रमाणे कुटुंब, समाज व मंडळी यांच्यावरील जबाबदारीकडे लक्ष वेधते: हुंडा, जात किंवा पालकांचा हट्ट यांमुळे विवाह अडवायचा आणि त्याच तरुणांकडून निष्कलंक संयमाची अपेक्षा करायची, ही विसंगती असल्याचे ती दाखवून देते.