रेघ उमटली नाही, म्हणजे काय?

मागच्या वेळी आपण अभावाबद्दल बोलत होतो. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळतं कसं? नैयायिक म्हणतात, घट असता तर दिसलाच असता. दिसत नाही, म्हणून नाही. पण खोलीत अंधार असेल तर? मग न दिसणं हा पुरावा होत नाही. दिसण्याजोगी परिस्थिती असून न दिसणं, म्हणजे 'योग्यानुपलब्धी', हवी. आज हीच गोष्ट आपण डेअरीच्या टेबलावर पाहू.

बुरशी लागलेली सरकीची पेंड गाईने खाल्ली, की त्यातलं अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष तिच्या यकृतात बदलून एम-१ होतं आणि दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. आपल्याकडची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे १०,००० किलोच्या टँकरमध्ये ५ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणासुद्धा याहून जड भरतो, बरं का!

हे ओळखायला बोटाएवढी पट्टी असते. विषाचा रेणू इतका लहान, की दोन प्रतिपिंडांना तो एकाच वेळी धरता येत नाही. म्हणून युक्ती उलटी. सोन्याचे अतिसूक्ष्म कण (ते लाल दिसतात, सोनेरी नव्हे) चिकटवलेली प्रतिपिंडं दुधाबरोबर पट्टीवरून सरकतात. वाटेत एका रेघेवर तेच विष आधीपासून बसवलेलं असतं. दूध चांगलं असेल तर प्रतिपिंडं तिथे अडकतात, लाल रेघ उमटते. दुधातच विष असेल तर त्यांचे हात आधीच भरलेले. ती पुढे निघून जातात. रेघ नाही, म्हणजे विष आहे! करोनाच्या पट्टीची सवय झालेला माणूस इथे हमखास फसतो.

आणि पट्टीच बिघडलेली असेल तर? तेव्हाही रेघ येणार नाही. म्हणून पलीकडे दुसरी, नियंत्रण रेघ असते. विष असो वा नसो, ती उमटलीच पाहिजे. आपल्या खोलीतला उजेड तो हाच. ती नसेल, तर दुधाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

व्यवहारात मात्र रेघ पुष्कळदा फिकट होते, पुरती जात नाही. तिथे डोळ्यावर विसंबणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. एखाद्याचं कॅनभर दूध परत जायचं असतं. रंग मोजणारं छोटं यंत्र तिथे हवं, आणि दूध नाकारण्याआधी प्रयोगशाळेची तपासणी. पेंडीच्या पोत्याचं तर आणखी अवघड. दूध ढवळलं की एकसारखं होतं. पोत्यात विष एखाद्याच कोपऱ्यात दडलेलं असतं. तिथे दहा ठिकाणची मूठ घेऊन, दळून, मिसळून मगच पट्टीला हात लावायचा.