यंत्राच्या पोटांतील आज्ञा

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. तिच्यावर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं जो दरोडा पडला, त्यांत कोणीं तिजोरी फोडली नाहीं. सुमारें ९४ कोटि रुपये गेले. त्यांतील बहुतेक रक्कम २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनीं काढण्यांत आली. कांहीं कार्डें कोल्हापुरांतहि वापरलीं गेलीं. ‘पैसे द्यावे काय?’ हा यंत्राचा प्रश्न बँकेच्या खऱ्या व्यवस्थेपर्यंत पोंचलाच नाहीं. मध्येंच उभ्या केलेल्या एका तोतयानें ‘द्यावे’ असें परस्पर उत्तर दिलें.

अशा तोतयाची ओळख पटवावी कशी? आज्ञावली मनुष्य लिहितो ती वाचतां येण्याजोग्या भाषेंत. परंतु कंपायलर तिचें रूपांतर निव्वळ आंकड्यांत करतो. लेखकाच्या टिपा गळून पडतात, नांवेंहि पुसून टाकतां येतात. चोर मूळ लेख मागें ठेवीत नाहीं. हातीं लागते ती आंकड्यांची फाइल. ती चालवून पाहणें म्हणजे विष चाखून पाहणें. ती न चालवितां वाचावयाचें साधन म्हणजे डिसअसेंब्लर. अशाच तऱ्हेच्या बँक-दरोड्यांविषयीं अमेरिकन सरकारनें २ ऑक्टोबर २०१८ रोजीं सूचनापत्र काढलें, तें आयबीएमच्या एआयएक्स संगणकांसाठीं बनविलेल्या अशाच फाइलींच्या छाननीवर आधारलेलें होतें.

‘ऑब्जडंप’ हें त्यांतील एक साधेंसें साधन. काळ्या पडद्यावर त्याचें नांव, एक आडवी रेघ, ‘डी’ हें अक्षर व फाइलीचें नांव लिहिलें कीं तीन रकाने उमटतात: पत्ता, त्या पत्त्यावरील बाइट आणि त्यांची आज्ञा. साधन बिनामूल्य आहे. लिनक्स घातलेला जुना संगणक असला तर वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवच्या विद्यार्थ्यालाहि तें पुण्यामुंबईइतकेंच वापरतां येतें.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ मधील ‘ध’ चा ‘मा’ झाला, ही आख्यायिका कितपत खरी तें इतिहासकार ठरवोत. यंत्राच्या राज्यांत मात्र ती केव्हांहि खरी होऊं शकते. इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरांत, सोळाच्या पायावरील अंकपद्धतीनें लिहिलेल्या ‘७४’ या बाइटची आज्ञा अशी कीं, तुलना जुळल्यास उडी मार. ‘७५’ ची, न जुळल्यास मार. गुप्त अंक पडताळण्याच्या जागीं एवढा एकच बाइट बदलला, तर धन्याला नकार व चोराला होकार मिळूं लागेल. फाइलीची लांबी तीच, नांव तेंच. पण तिसऱ्या रकान्यांत फरक लपत नाहीं.

तरी हें वाचन मोडी वाचण्याइतकेंच बिकट आहे. मोडींत शब्दांमध्यें जागा सोडीत नसत. येथेंहि आज्ञा एकमेकींना चिकटलेल्या, आणि इंटेलच्या आज्ञेची लांबी एकापासून पंधरा बाइटांपर्यंत कितीहि. ऑब्जडंप बिचारें ओळीनें वाचीत जातें. मध्यें कोणीं मुद्दाम निरर्थक बाइट पेरले तर तें शब्द भलत्याच ठिकाणीं तोडतें. पुढें वाट सांपडते खरी, पण मधली ओळ हुकलेली असते, आणि कपट नेमकें तेथेंच असावयाचें. म्हणून जाणता वाचक ‘एफ’ हें अक्षर देऊन पहिल्या आज्ञेचा पत्ता विचारून घेतो, तेथून वाचूं लागतो, आणि प्रत्येक उडी कोठें पडते तें हातानें कागदावर मांडीत जातो.