विझला तरच बरा असा दिवा

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. आपल्याकडच्या मच्छीमार लाँचवरचं जुन्या धाटणीचं इंजिन एकदा सुरू झालं, की विजेवाचूनही धडधडत राहतं. त्यामुळे बॅटरीकडे कुणी बघत नाही. इंजिन चालतंय ना, मग वीज आहेच, असा समज. पण रात्री खोल समुद्रात डावीकडचा तांबडा आणि उजवीकडचा हिरवा दिवा, वायरलेस, जीपीएस, तळातलं पाणी उपसणारा पंप या सगळ्यांची पोशिंदी तीच. मोठ्या जहाजाच्या वाटेत बिनदिव्याची लाँच असणं म्हणजे काय, हे मिरकरवाड्याच्या कुठल्याही तांडेलाला विचारा.

बॅटरी भरतो तो आल्टरनेटर. सायकलच्या डायनामोचा हा थोरला भाऊ. मात्र डायनामोत कायमचं चुंबक असतं, याच्यात नसतं. आतल्या फिरत्या वेटोळ्यात वीज सोडली की ते चुंबक होतं. म्हणजे वीज करायला आधी थोडी वीज हवी. दह्याला विरजण लागतं, तशी.

हे विरजण येतं इंजिनाच्या पाटीवरल्या एका लहानशा लाल दिव्यातून. बॅटरीच्या धन टोकाकडून तार चावीकडे, चावीतून दिव्याला, दिव्यातून आल्टरनेटरच्या 'डी प्लस' नावाच्या टोकाला, तिथून रेग्युलेटर आणि वेटोळ्यातून ऋण टोकाकडे. चावी फिरवली की प्रवाह या वाटेनं जातो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन आल्टरनेटर वीज करू लागला, की 'डी प्लस'वरचा दाबही बॅटरीइतकाच, म्हणजे बारा व्होल्टच्या बोटीवर साधारण 14 व्होल्ट होतो. दोन टाक्यांतलं पाणी एका पातळीला आलं की मधल्या नळीतून वाहत नाही. दिवा विझतो. आम्हा कवींच्या दुनियेत दिवा विझणं अशुभ. इथे तीच खुशखबर!

एका तांडेलानं मला अभिमानानं सांगितलं होतं, "आमचा लाल दिवा कधी लागतच नाय, भाई. चार्जिंग एकदम फस्क्लास." त्याचा बल्बच गेलेला होता. बल्ब गेला की इशारा तर जातोच, पण विरजणही जातं. वेटोळ्यातल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर, इंजिन जोरात पळवलं तर, आल्टरनेटर कधी जागा होतो, कधी होत नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी चावी लावून दिवा लागतो का, हे पाहायचं. नाही लागला, तर बल्ब, तार किंवा झिजलेले कार्बन ब्रश तपासायचे.

बल्ब दोन-तीन वॅटचा साधा असावा. हल्ली हौसेनं एलईडी बसवतात. तो इतकी कमी वीज खातो, की पलीकडे विरजणापुरतंही काही पोचत नाही. लावायचाच तर त्याला समांतर एक रेझिस्टर जोडावा लागतो.

इंजिन चालू असताना दिवा पेटला, तर आधी पट्टा पाहा. पुष्कळ इंजिनांत त्याच पट्ट्यावर थंड पाण्याचा पंप फिरतो. पट्टा तुटला असेल तर बॅटरीपेक्षा इंजिनाचा जीव आधी जातो. दिवा मंद मिणमिणत राहिला, तर एखादा डायोड गेलाय किंवा जोडावर खारट गंज चढलाय. समुद्रावर कथिलाचा मुलामा दिलेली तारच वापरावी. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली तार एक पावसाळाही काढत नाही.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कधीही बंद करू नये. वाट तुटलेली वीज उसळते आणि डायोड जाळते. आधी इंजिन थांबवायचं, मग चावी, मग स्विच.

जादा बल्ब दोन तरी जवळ असावेत, कोरड्या डब्यात. डब्यावर बारा की चोवीस व्होल्ट ते लिहून ठेवावं. अंधारात हलत्या बोटीवर बल्बावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.