हाड जुळले, पण रिपोर्टमधल्या त्या ओळीचे काय?

स्कूटी घसरली, रिक्षा उलटली, की दवाखान्यात पहिली घाई असते ती पोटात रक्तस्राव तर नाही ना, हे पाहण्याची. त्यासाठी लगेच सोनोग्राफी होते. गरज वाटली तर पोटाचा व कंबरेचा सीटी स्कॅनही होतो. यकृत, प्लीहा, मूत्राशय, हाडे यांच्याबरोबर बाईचे गर्भाशय आणि अंडाशयही त्या चित्रात येतात. मग रिपोर्टच्या शेवटी कधी कधी एक ओळ असते : 'उजव्या अंडाशयात ४ सें.मी.ची सिस्ट' किंवा 'गर्भाशयात फायब्रॉईड'.

ही ओळ वाचून काही घरांत रडारड सुरू होते. काही घरांत प्लास्टर, औषधे आणि विम्याच्या धावपळीत ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. डिस्चार्ज कार्ड बहुधा हाडाचे डॉक्टर लिहितात. त्यावर या गाठीचा उल्लेख असेलच असे नाही.

अशी गाठ सहसा अपघातामुळे झालेली नसते. ती आधीपासून असते, फक्त आता दिसली. पाळी येण्याच्या वयात अंडाशयात पाण्याचे लहान फुगे होतच असतात. त्यांतले बहुतेक दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात. या वयात नुसते पाणी असलेली, ५ सें.मी.पेक्षा लहान सिस्ट सहसा उपचाराशिवाय सोडून देतात. फायब्रॉईडही बहुधा कर्करोगाचे नसतात. मात्र पाळी कायमची थांबल्यानंतर लहान गाठही तपासून घ्यावी. गाठीत भरीव भाग असेल तर कोणत्याही वयात स्त्रीरोगतज्ज्ञांना लवकर भेटावे.

अंडाशय पाहायला सीटीपेक्षा सोनोग्राफी अधिक उपयोगी असते. म्हणून प्रकृती स्थिर असेल तर आधी ती करून घ्यावी. सीए-१२५ ही रक्ततपासणी वाढलेली आली म्हणजे कर्करोगच, असे नाही. फायब्रॉईड, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा क्षयरोग यांतही ती वाढते.

खरी अडचण अविवाहित मुलींची होते. 'रिश्त्यात अडथळा येईल' म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. अम्मीने येथे खंबीर राहावे. अविवाहित मुलीची सोनोग्राफी मूत्राशय भरलेले असताना पोटावरूनच होते. महिला डॉक्टर हवी, असे निःसंकोच सांगता येते. एक अंडाशय काढावे लागले, तरी दुसरे निरोगी असल्यास पाळी येते, मूलही होऊ शकते. पण लपवलेली गाठ मोठी होऊन पिळली गेली, तर वाचवता आले असते ते अंडाशयही गमवावे लागू शकते.

अचानक एका बाजूला असह्य कळ, उलट्या किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठा. पाळी थांबल्यानंतर रक्त दिसणे, पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांतच पोट भरणे हेही अंगावर काढू नका.

सुटलेल्या रोजांचा हिशेब आपल्या बायका चोख ठेवतात; पाळीच्या तारखाही तशाच लिहून ठेवा, डॉक्टर त्या हमखास विचारतात. दवाखाना सोडण्यापूर्वी फिल्म आणि पूर्ण रिपोर्ट मागून घ्या आणि एवढे विचारा : "हाडाव्यतिरिक्त आणखी काही दिसले का? ते कोणाला आणि कधी दाखवायचे?"